डाव्या कडेचा माणूस

कुंडलिक दुकानात आला की आधी भांडी वाजवतो. पातेलं असो, घागर असो, उचलायची, नखानं टिचकी मारायची, कान लावायचा आणि समजल्यासारखी मान हलवायची. घ्यायचं काहीच नसतं. मंचरच्या बाजारपेठेत माझं भांड्यांचं दुकान आहे, वडिलांनी, म्हणजे मिश्रीलालजींनी, थाटलेलं. आम्ही मूळचे राजस्थानकडचे, पण मारवाडी मला फक्त लग्नकार्यात आठवते. कुंडलिक अवसरी खुर्दचा. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. त्याला गणित येत नसे आणि मला कविता पाठ होत नसे, त्यामुळे मार दोघांनाही सारखाच पडायचा. तेव्हापासून तो मला शेठ म्हणतो. तेव्हा चिडवायला म्हणायचा, आता सवयीनं म्हणतो.

खरं सांगायचं तर या माणसाचा मला राग येतो. काही विचारावं तर उत्तर दुसऱ्या दिवशी मिळतं. कुणाचं ओझं दिसलं की न विचारता खांद्यावर घेतो आणि मग ते त्याच्या खांद्यावर आहे हे कुणाला कळूही देत नाही. त्याची बायको चिमाबाई माझ्या दुकानात येऊन माझ्याकडं तक्रार करते, जणू मीच त्याला असा घडवला.

त्याचं काम काय होतं ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही समजायचं नाही. महामार्गालगत ॲल्युमिनियमचे पत्रे करायचा एक कारखाना आहे. भट्टीतला वितळलेला ॲल्युमिनियम, कामगार त्याला रस म्हणतात, तो दोन मोठ्या फिरत्या रोलांच्या मधे वरून सोडतात. रोल आतून पाण्यानं गार ठेवलेले असतात. रस त्यांच्या फटीतून जाता जाता गोठतो आणि खालून पत्रा होऊन बाहेर पडतो. उसाचा चरक उलटा चालवावा तसं हे, असं कुंडलिक सांगायचा. रस वरून घालायचा आणि चिपाड खालून घ्यायचं.

आता दोन रोलांच्या मधे रस ओतला तर तो दोन्ही टोकांनी सांडणार, हे माझ्यासारख्या दुकानदारालाही कळतं. तो अडवायला दोन्ही टोकांना भट्टीच्या विटेसारख्या जाड पाट्या दाबून बसवतात. कामगार तिला फरशी म्हणतात. फरशी फिरत्या रोलावर घासते, झिजते, कधी तडकते. म्हणून प्रत्येक कडेला एक माणूस उभा ठेवायचा. त्यानं फरशीवरून नजर काढायची नाही, स्क्रू पिळून ती जागच्या जागी ठेवायची आणि कुठं रस झिरपायला लागला तर लांब सळईनं तिथं बुजवण दाबायचं. डाव्या कडेला सोमाजी उभा राहायचा आणि उजव्या कडेला कुंडलिक. सोमाजी बेल्ह्याजवळच्या वस्तीवरचा. दोघं एकाच वर्षी कामाला लागलेले, एकाच डब्यात जेवणारे. सोमाजी बोलका, आणि कुंडलिकचं बोलणंही तोच बोलून टाकायचा.

एका दुपारी डावीकडची फरशी फुटली. तिच्यात ओल राहिली होती असं पुढं कुणी म्हणालं, कुणी म्हणालं बदलायची वेळ उलटून गेली होती. नक्की कारण अजून कुणी मला सांगितलेलं नाही. घाम पुसायला सोमाजीनं डोळ्यांवरचा गॉगल नुकताच वर सारला होता. रस उडाला तो सरळ त्याच्या तोंडावर. त्याचा जीव वाचला, पण दोन्ही डोळे गेले. रोलांच्या पलीकडं कुंडलिक उभा होता आणि त्याच्या अंगावर थेंबही पडला नव्हता.

नवी फरशी बसली, रोल धुऊन पुसून झाले, पण डाव्या कडेला उभं राहायला कुणी तयार होईना. सुपरवायझरनं एकेकाला विचारून पाहिलं. मग कुंडलिकच उजवीकडून उठून डावीकडं गेला. घरी हे कळल्यावर चिमाबाईनं त्याच्याशी बोलणं टाकलं. तिनं माझ्याकडं निरोप पाठवला, भावजी, तुमी तरी समजावा. मी समजवायला गेलो. त्यानं मला चहा पाजला आणि एकच वाक्य बोलला.

“कुनीतरी उभं ऱ्हानारच हाय ना, शेठ. मग ज्यानं पाहिलंय त्यानं ऱ्हावं.”

मी चहा पिऊन परत आलो.

सुट्टी असली की तो बेल्ह्याला जायचा. सोमाजीकडं बसायचा, त्याची दाढी करून द्यायचा, चावडीवरच्या गप्पा सांगायचा. चावडीवरच्या अशासाठी की कारखान्याचं नाव दोघंही काढत नसत. सोमाजीनं विचारलं नाही आणि यानं सांगितलं नाही. मी एकदोनदा बरोबर गेलो होतो, तेव्हा मलाही यानं रस्त्यात बजावलं होतं, तिकडं कामाचं काही बोलू नको. अशी बरीच वर्षं गेली. या काळात कुंडलिकच्या भुवया जळून विरळ झाल्या, कोपरापर्यंत हातांवर पांढरे डाग पडले. डाव्या कडेला दुसरं कुणी उभं राहिलं नाही.

मग श्रेया आली. खरं तर ती परत आली. अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकत असताना ही मुलगी कुंडलिकच्याच घरी खोली घेऊन राहिली होती. चिमाबाईच्या हातची भाकरी खाऊन तिनं परीक्षा दिल्या. पुढं कुठं कुठं शिकून आली आणि कंपनीनं तिला याच कारखान्यात एका नव्या कामासाठी पाठवलं. काम असं की फरशी काढून टाकायची आणि तिच्या जागी काहीच लावायचं नाही. कडेच्या बाहेर, रसाला न शिवता, तांब्याच्या नळीची एक कॉईल बसवायची. तिच्यातून अशी वीज सोडायची जी एका क्षणात हजारो वेळा दिशा बदलते. त्या विजेचं चुंबकी बळ रसाला मागं रेटून धरणार आणि रस आपल्या जागी उभा राहणार. कडेला माणूस लागणार नाही. सगळं लांबून, काचेमागून बघायचं.

त्या दिवशी कुंडलिक दुकानात आला तो भांडी न वाजवताच स्टुलावर बसला. 

“शेठ,” तो म्हणाला, “फरशी जानार.”

त्याचा आवाज इतका हळू होता की मला वाटलं घरात काहीतरी वाईट घडलंय. तोंडाकडं पाहिलं तेव्हा कळलं की हा माणूस आनंदात आहे. त्याचा आनंद ओळखायची मला सवय राहिली नव्हती.

पुढचे कित्येक महिने तो त्या कॉईलच्या मागं होता. शिफ्ट संपली तरी थांबायचा. श्रेयाला लागेल ते धरून द्यायचा, उचलून द्यायचा, कडेला रस कसा वागतो ते तिनं विचारलं की सांगायचा. कारखान्यात तो तिला मॅडम म्हणायचा आणि घरी आली की पोरी म्हणायचा. चिमाबाई मला म्हणाली, आताशा घरात हसत्यात, भावजी. तिला त्याचं नवल वाटत होतं आणि थोडी भीतीही वाटत होती. निवृत्तीला त्याला फार काळ राहिला नव्हता. जायच्या आधी फरशी गेलेली बघायची, एवढंच त्याच्या मनात होतं. त्याच्यामागं डाव्या कडेला दुसऱ्या कुणाला उभं करावं लागू नये, ही त्याची धडपड होती.

पहिल्या चाचणीच्या आदल्या दिवशी तो तांब्या घ्यायला आला. नव्या मशीनची पूजा करायची, कलश मांडायचा. आला तो खिशात जुन्या लाउडस्पीकरचं चुंबक घेऊनच. दुकानातल्या एकेका तांब्याला ते लावून बघायला लागला. स्टीलचे चिकटले ते बाजूला, पितळेचा एक होता त्याच्या तळाला जरा ओढ लागली तो बाजूला. गिऱ्हाइकं बघत होती आणि मी मनातून वैतागलो होतो. शेवटी त्यानं शुद्ध तांब्याचा एक निवडला. चुंबक आतून, बाहेरून, काठावरून फिरवलं. कुठंच चिकटलं नाही.

चुंबकाजवळ ठेवायचाय, तो म्हणाला, लोखंडाचा कण बी नको. मला त्याचं कौतुक वाटलं. इतकी काळजी घेणारा माणूस मी पाहिला नाही असंही मी बायकोला, चेतनाला, जेवताना सांगितलं. त्याचं काही चुकतंय असं आम्हा कुणाच्या मनात आलं नाही.

पूजा झाली. मशीनला हळदकुंकू लागलं, झेंडूच्या माळा चढल्या, नारळ फुटला. श्रेयानं पूजेला ना म्हटलं नव्हतं, पण एक अट घातली होती. पूजा झाली की कॉईलच्या आसपास काडीसुद्धा राहता कामा नये. ते बघायची जबाबदारी तिनं कुंडलिकवर टाकली, कारण त्याच्याइतकं तिथलं कुणाला माहीत नव्हतं. कुंडलिकनं माळा काढल्या, तोरण काढलं, नारळाची शकलं उचलली, झाडून घेतलं. कलश मात्र त्यानं पहिल्यापासूनच डाव्या कडेला, कॉईलच्या आवरणामागच्या कोनाड्यात मांडला होता. तिथं तो बाहेरून दिसत नव्हता.

मांडलेला कलश काम पुरं होईपर्यंत हलवायचा नाही, ही आमच्या भागातली सगळ्यांच्याच घरची रीत आहे. माझ्या शेजारी नवं दुकान निघालं तेव्हा त्यांनी कलशासाठी अख्खा दिवस एक कपाट उघडलं नव्हतं. त्यात हा कलश कुंडलिकनं सोमाजीच्या नावानं मांडलेला. त्याच कडेला, जिथं सोमाजी पडला होता तिथं. तो उचलायला त्याचा हात धजावला नाही. तांब्याला चुंबक चिकटत नाही हे त्यानं स्वतः तपासलं होतं. श्रेयानं विचारलं, सगळं काढलं ना, काका? तो म्हणाला, काढलं.

ती पुन्हा बघायला गेली नाही. ज्याच्या घरी चार वर्षं राहिली त्याच्या शब्दावर तिनं मशीन सुरू केलं.

सगळे पिवळ्या पट्ट्याच्या मागं उभे होते. रोल फिरायला लागले, कॉईल घुमायला लागली, वरून रस आला. कुंडलिकनं मला पुढं सांगितलं, उजवीकडं रस उभा राहिला. समोर काही नाही, फरशी नाही, मोकळी हवा, आणि रस चकाकत उभा. त्याच्या अंगावर काटा आला. मग डावीकडं रस फुगायला लागला. फुगला, थरथरला आणि भळभळा खालच्या कोरड्या हौदात सांडला. भट्टीचं तोंड लगेच बंद केलं. कुणाला काही झालं नाही.

पण कारखान्यात बोलायला काय लागतं. डावी कडच वाईट, सोमाजीची कड ती, तिथं काही टिकायचं नाही. एवढं बोलणं संध्याकाळपर्यंत कँटीनपासून गेटपर्यंत पोचलं. मोठ्या साहेबांनी निराळ्या शब्दांत तेच सांगितलं. ही गोष्ट अजून कच्ची आहे, धोका आहे, वरचे लोक येऊन बघतील आणि बहुतेक गुंडाळतील, तोवर फरशा परत बसवा. श्रेयानं कॉईल खोलली, तारा तपासल्या, हिशेब तपासले. दोन्ही कडा सारख्याच होत्या. उजवी धरते आणि डावी सोडते, याचं कारण तिला सापडेना. तिनं जेवायला कँटीनमध्ये येणं बंद केलं.

सांडलेला रस गोठताच, श्रेया कॉईल खोलायच्या आधी, कुंडलिक कलश काढायला गेला होता. हात लावला आणि मागं घेतला. तांब्या चटका बसेल इतका तापला होता. आतलं पाणी वाफाळत होतं, आंब्याची पानं आक्रसून काळी पडली होती. आणि त्या कोनाड्यापर्यंत रसाचा शिंतोडाही आलेला नव्हता. त्यानं तो फडक्यात गुंडाळून घरी नेला. चिमाबाई घाबरली. देवाचा कोप झाला, तुमी त्या जागंला हात लावायला नको व्हता, असं म्हणून ती रडायला लागली.  काही दिवस त्यानं हे कुणालाच सांगितलं नाही, मलाही नाही.

मग एका सकाळी दुकान उघडता उघडता तो आला आणि तांब्या काउंटरवर ठेवला. हा तांब्याचाच हाय ना, त्यानं विचारलं. मला राग आला. वडिलांपासून आजवर आमच्या दुकानातून खोटा धातू गेलेला नाही. मी त्याच्या खिशातलं चुंबक घेतलं आणि त्याच्यासमोर तांब्यावर फिरवलं. चिकटलं नाही. दुकानात विकायला ठेवलेली इंडक्शनची शेगडी होती तिच्यावर तांब्या ठेवला. शेगडीनं नुसती पीं पीं केली आणि तांब्या गारच राहिला.  तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. तांब्या कुठं ठेवला होता, श्रेयाला काय सांगितलं होतं, नंतर काय दिसलं.

मी म्हटलं, मला यातलं शष्प कळत नाही, तिला जाऊन सांग. तो मान खाली घालून बसला. मॅडमशी खोटं बोललो, तो म्हणाला, हे कळलं तर मला कडंला काय, गेटच्या आत बी घेनार न्हाईत. निवृत्तीच्या तोंडावर बेअब्रू होणार होती. आणि मुख्य म्हणजे, फरशी जाताना बघायला तोच तिथं नसणार होता.

माझं डोकं फिरलं. इतक्या वर्षांत मी त्याच्यावर आवाज चढवला नव्हता, तो त्या दिवशी चढवला. फरशी परत बसतेय, मी म्हटलं, तू आज ना उद्या घरी बसशील, मग तिथं कोण उभं राहणार ते सांग. तू गप्प बसलास तर उद्या त्या जागी जो उभा राहील त्याचे डोळे तू मोजायला बसणार आहेस का. शेजारचा दुकानदार बाहेर येऊन बघायला लागला. कुंडलिकनं तांब्या फडक्यात बांधला आणि उठून गेला. मला वाटलं, आता हा माझ्या दुकानाची पायरी चढत नाही. दिवसभर मला जेवण गोड लागलं नाही.

तो माझ्या दुकानातून थेट कारखान्यात गेला होता. श्रेया मोठ्या साहेबांच्या खोलीत होती. तो दार ढकलून आत गेला आणि तांब्या टेबलावर ठेवला.

“मॅडम, म्या तुमच्याशी खोटं बोललो. ह्यो तिथंच व्हता.”

 श्रेयानं मला नंतर सांगितलं. तिला आधी राग आला नाही, तिला रडू येत होतं, आणि साहेबांसमोर रडायचं नव्हतं. मग तिनं विचारलं, नक्की कुठं? तो तिला घेऊन गेला आणि जागा दाखवली. तिनं तांब्यात पाणी भरायला लावलं, तिथंच ठेवायला लावला, सगळ्यांना मागं सारलं आणि रस न सोडता नुसती कॉईल चालवली. डाव्या कडेचं बळ मोजणाऱ्या यंत्रावरचा आकडा खाली आला. काही वेळानं तांब्यातलं पाणी तापायला लागलं. तांब्या काढला तसा आकडा उजवीकडच्याइतका झाला. साहेब काचेमागून बघत होते.

तिनं त्याला तिथंच समजावून सांगितलं. ॲल्युमिनियमला तरी लाउडस्पीकरचं चुंबक कुठं चिकटतं, काका. इथं चिकटण्याचा प्रश्नच नाही. कॉईलच्या बळानं रसाच्या पोटात वीज उठते आणि तीच रसाला मागं ढकलते. तशीच वीज तुमच्या तांब्यातही उठली. तांबं तर विजेला ॲल्युमिनियमपेक्षाही सोपं. घरच्या शेगडीचं बळ त्याला पुरत नाही, या कॉईलचं फार आहे. रसाला अडवायला जे बळ होतं ते तुमच्या तांब्यानं अडवलं आणि रसापर्यंत पोचलंच नाही.

कुंडलिकनं सगळं ऐकून घेतलं. म्हणजे डावी कड म्याच उघडी केली, एवढंच तो म्हणाला आणि तिथंच खाली बसला. सोमाजीच्या नावानं मांडलेल्या कलशानं सोमाजीचीच कड सोडली होती, हे त्याच्या मनातून आजही गेलेलं नाही. श्रेयानं त्याला उठवलं नाही. ती त्याच्या शेजारी तिथंच बसून राहिली.

मग जे व्हायचं ते झालं. चाचणी पुन्हा घ्यायचं ठरलं, वरच्या लोकांनी मान्यता दिली. कुंडलिकला चौकशी होईपर्यंत कामावरून दूर केलं. सुरक्षेच्या बाबतीत खोटं सांगितलं म्हणून आलेल्या कागदावर श्रेयाची सही लागणार होती. ती त्याच्या घरी आली आणि म्हणाली, काका, मी सही करणार आहे. त्यानं मान हलवली. चिमाबाईनं तिला जेवायला वाढलं. तिघं जेवले आणि जाताना श्रेयानं दोघांना वाकून नमस्कार केला. मला हे चिमाबाईनं सांगितलं तेव्हा मी तिच्यासमोर डोळे पुसले. लाजायचं काय त्यात.

दुसऱ्या चाचणीच्या दिवशी सकाळी तो दुकानात आला. मला शिव्या द्यायला आला असेल असं मला वाटलं. तो म्हणाला, शेठ, बेल्ह्याला सोडतो का. बाजाराचा दिवस होता, दुकानात गर्दी होती. मी चेतनाला गल्ल्यावर बसवलं आणि गाडी काढली. रस्त्यात नारायणगाव गेलं, आळेफाटा गेला. बेल्ह्याच्या बाजाराला निघालेले बैलांचे टेम्पो पुढं लागले होते, त्यांच्या मागं मागं आम्ही हळूहळू गेलो. त्याच्या हातात मोबाईल होता. मुठीत धरलेला, खिशात नाही.

सोमाजी अंगणात लिंबाखाली बसून दावी वळत होता. डोळे गेल्यावर त्यानं हेच काम धरलं होतं. जुन्या पोत्यांचे धागे सोडवून दावी, कासरे वळायचा आणि त्याचा भाऊ ते बाजारात विकायचा. आमचा आवाज ऐकून त्यानं मान वर केली. चेहऱ्याची एक बाजू ताणलेली, पण बोलणं तसंच मोकळं. शेठजी बी आलेत, आज काय भांडी विकायला बसनार का हितं, असं म्हणून हसला.

कुंडलिक त्याच्यासमोर मांडी घालून बसला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं कारखान्याचं नाव काढलं. कॉईल काय, रस हवेत कसा धरायचा, श्रेया कोण, कलश कसा मांडला, तो कसा तापला, रस कसा सांडला, सगळं सांगितलं. तुझ्या नावानं मांडला व्हता, आन् त्यानंच घात केला, असं म्हणाला. आज परत लावलंय, मी तिथं न्हाई, एवढं सांगून तो थांबला.  सोमाजीचे हात दावं वळत राहिले. मला वाटलं, तो रागावला असेल. रागवायचा हक्क त्याला होताच.

फोन वाजला. कुंडलिकच्या हातून तो उचलला जाईना, म्हणून मी घेतला आणि स्पीकर लावला. पलीकडं मोठा गलका चालला होता. श्रेयाचा आवाज त्यातून आला.

“काका, धरलं. दोन्ही कडांना धरलं. अजून चालू आहे.”

 मीच म्हटलं, ऐकलं त्यांनी, बाळ. तिनं फोन ठेवला.  

सोमाजीच्या हातातलं दावं थांबलं होतं.

“डावीकडं आज कोन उभं व्हतं?” त्यानं विचारलं.

“कुनीच न्हाई.”

“आन् माझ्यामागं? इतकी वर्सं?”

 लिंबाची पानं सोमाजीच्या मांडीवर पडत होती. मी कुंडलिककडं पाहिलं, तो खाली मातीकडं बघत होता.

“म्या व्हतो,” तो म्हणाला.

सोमाजीनं दावं बाजूला ठेवलं. पुढं सरकून, चाचपत त्यानं कुंडलिकचा चेहरा दोन्ही हातांत धरला. अंगठे कपाळावरून खाली आणले, विरळ भुवयांवरून, आणि मिटलेल्या एकेका पापणीवर हलकेच दाबून पाहिले. कुंडलिकचे डोळे वाहत होते, ते पाणी सोमाजीच्या बोटांना लागलं.

“हायेत,” सोमाजी म्हणाला.